प्रश्न नीट विचारला की गिऱ्हाईकही सापडतं

मी हाताने शिवलेल्या वह्या बनवते आणि त्या इंटरनेटवरून विकते. कागद, दोरा, पुठ्ठा, गोंद यांबद्दल मला जे येतं त्यातलं बरंचसं मला कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसांनी शिकवलंय. माझी बरीच गिऱ्हाइकंही त्याच चर्चांमधून आली आहेत. म्हणून धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. सोशल मीडियावर माहिती विचारणं हे एक काम आणि मार्केटिंग हे दुसरं, अशी वाटणी करू नका. चारचौघांत नीट विचारलेला प्रश्न, त्यावर आलेली उत्तरं, आणि त्या उत्तरांचं तुम्ही पुढे काय केलंत याची हकीकत, एवढ्यात छोट्या धंद्याचं बहुतेक मार्केटिंग होऊन जातं. उदाहरणं मी वह्यांचीच देणार, कारण मला ते काम येतं. तुम्ही शिकवण्या घेत असा किंवा सॉफ्टवेअर लिहीत असा, पद्धत बदलत नाही.

विचारायचं कुणाला

पहिला हात जातो तो मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे. उत्तर तिथे लगेच येतं, पण आपल्या जवळच्या माणसांना बहुतेक वेळा तेच माहीत असतं जे आपल्याला आधीच ठाऊक आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे मांडलं: नोकरीची खबर जिवलग मित्रापेक्षा जुजबी ओळखीच्या माणसाकडून मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्याचा वावर वेगळ्या वर्तुळात असतो. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. सगळ्यात उपयोगी पडली ती ना अगदी जवळची, ना अगदी परकी, अशी मधली ओळख. माझा अनुभवही तोच. कागदाबद्दलची सगळ्यात कामाची माहिती मला फाउंटन पेन जमवणाऱ्यांनी दिली. वह्या करणाऱ्यांच्या वर्तुळात ती कुणी बोलतच नव्हतं.

तेव्हा आधी स्वतःला विचारा: ही अडचण माझ्याखेरीज आणखी कुणाला रोज येत असेल? मग ती माणसं जिथे जमतात तिथे जा. प्रत्येक नेटवर्कचा स्वभाव निराळा आहे. फेसबुकवर तुमच्या स्वतःच्या पानापेक्षा एखाद्या विषयाला वाहिलेला ग्रुप कितीतरी पटीने कामाचा. ग्रुपच्या आत शोधाची सोय असते, ती आधी वापरा. तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला असतो. रेडिट ही विषयवार उपविभागांत वाटलेली चर्चेची साइट; तिथे उपविभागाचे नियम वाचल्याशिवाय एक अक्षर लिहू नका, कारण नियम मोडलेली पोस्ट थेट काढली जाते. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट; तिथे आणि तिच्या भावंड साइट्सवर गप्पांना जागा नाही; नेमका, उत्तर देता येण्यासारखा प्रश्नच टिकतो. कच्चा माल, पुरवठादार, करार असल्या व्यवसायाच्या प्रश्नांना लिंक्डइन बरं, कारण उत्तर देणारा तिथे सहसा स्वतःच्या नावाने आणि हुद्द्याने बोलतो, म्हणून जरा जपून आणि जबाबदारीने बोलतो. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, ताज्या घडामोडींचं उत्तर पटकन मिळतं. पण आधीपासून तुमचं ऐकणारं कुणी नसेल तर प्रश्न वाहून जातो. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत प्रश्न किंवा मतदानाचं स्टिकर टाकता येतं. उत्तरं येतात ती छोटी, आणि स्टोरी २४ तासांत पडद्याआड जाते, त्यामुळे ‘हा रंग की तो’ इतपतच विचारावं.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल एवढंच, की तिथलं उत्तर बाहेरच्या कुणालाही शोधून सापडत नाही. ते तुमच्या उपयोगाचं असेल, पण तुमच्या मार्केटिंगच्या उपयोगाचं नाही.

प्रश्न कसा लिहायचा

या भागावर वेळ घालवा. बाकी सगळं यावर उभं आहे.

शिकाऊ मंडळी मला हमखास विचारतात, ‘वहीसाठी किती जीएसएमचा कागद घेऊ?’ जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. या प्रश्नाला दहा जण दहा आकडे सांगतील आणि एकही चुकीचा ठरवता येणार नाही. अडचण जीएसएमची नसतेच. त्यांची खरी तक्रार असते की फाउंटन पेनने लिहिलं की शाई फुटते. शाई फुटणं हे कागदाच्या जाडीपेक्षा कागदाला दिलेल्या खळीवर, म्हणजे शाई शोषली जाऊ नये म्हणून वापरलेल्या द्रव्यावर, जास्त अवलंबून असतं. खळ चांगली असेल तर पातळ कागदावरही अक्षर स्वच्छ उमटतं. नसेल तर जाडजूड कागदही टीपकागदासारखा वागतो. आपण मनाशी एक उपाय ठरवतो आणि त्या उपायाबद्दल विचारतो, म्हणून असं होतं. उपाय बाजूला ठेवा. जे घडतंय ते सांगा.

तोच प्रश्न मी असा लिहीन:

‘ए५ आकाराची शिवलेली वही करते आहे. कागद १०० जीएसएमचा, छपाईसाठी विकला जाणारा. फाउंटन पेनच्या मध्यम निबने लिहिलं की अक्षरांच्या कडा फुटतात, पण शाई मागच्या बाजूला उतरत नाही. बॉलपेन आणि जेल पेन व्यवस्थित चालतात. त्याच गठ्ठ्यातली वेगवेगळी पानं आणि दोन वेगळ्या शाया वापरून पाहिल्या, फरक पडला नाही. फोटो जोडला आहे. ज्यांनी स्वतः कागद निवडून वह्या केल्या आहेत, त्यांनी कागद घेण्याआधी काय तपासलं?’

यात काय काय आहे पाहा. वस्तू, माप, लक्षण, जे बिघडत नाही तेही, आधी करून पाहिलेले उपाय, फोटो, आणि उत्तर कुणाकडून हवं आहे ते. शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. ‘कुणाला माहीत आहे का?’ असं विचारलं की ऐकीव गोष्टी येतात. ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ असं विचारलं की करणारे बोलतात आणि नुसतं ऐकलेले बहुधा गप्प बसतात.

एका पोस्टमध्ये एकच प्रश्न ठेवा. पहिल्या ओळीतच अडचण यायला हवी, कारण बहुतेक ठिकाणी ‘पुढे वाचा’ न दाबता तेवढंच दिसतं. ‘मदत हवी आहे’ हे शीर्षक नव्हे. ‘शिवलेली वही सपाट उघडी राहत नाही, पानं परत मिटतात’ हे शीर्षक आहे. ते वाचून ज्याला उत्तर येतं तो थांबतो. वर्षभरानंतर तीच अडचण घेऊन शोधत आलेल्या माणसालाही ते सापडतं, आणि त्या माणसाला कदाचित वही विकतच घ्यायची असते.

पोस्ट टाकून निघून जाऊ नका. पहिला तास-दोन तास हाताशी राहा. कुणी उलट प्रश्न विचारला तर लगेच उत्तर द्या. चर्चा त्यावरच तगते.

आलेलं उत्तर पारखायचं कसं

जास्त लाइक मिळालेलं उत्तर बरोबर असतं असं नाही. पुष्कळदा ते फक्त आधी आलेलं असतं. मी चार गोष्टी बघते. उत्तरात कामाचा तपशील आहे का? माणसाने हे स्वतः केलं असल्याची खूण आहे का? ते कधी चालत नाही हेही त्याने सांगितलंय का? आणि एकमेकांना न ओळखणारी दोन-तीन माणसं वेगवेगळ्या शब्दांत तेच सांगत आहेत का?

वही सपाट न राहण्याच्या प्रश्नाला कुणीतरी लिहितं, ‘चांगला गोंद वापरा.’ दुसरं कुणी लिहितं, ‘कागदातल्या तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवा. ओळखायला कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेभोवती गुंडाळी घेतो ती तंतूंची दिशा.’ दुसऱ्या माणसाने हे हाताने केलंय. शिवाय त्याचं म्हणणं दहा मिनिटांत, एका कपट्यावर तपासता येतं. जे उत्तर स्वस्तात तपासता येतं ते आधी तपासा, मगच रीमभर कागद कापायला घ्या.

हल्ली एक नवी काळजी घ्यावी लागते. घोटीव, मुद्देसूद, आत्मविश्वासाने भरलेली आणि आतून पोकळ उत्तरं यंत्राकडून लिहून घेऊन चिकटवली जातात. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली होती. कारण हेच, की ती दिसायला बरोबर वाटत आणि चुकीची निघण्याचं प्रमाण फार होतं. अशी शंका आली की नम्रपणे एक जोडप्रश्न विचारा: ‘तुम्ही हे केलंत तेव्हा कागद कोणता होता? वाळायला किती वेळ लागला?’ ज्याने केलंय तो आनंदाने सांगतो.

पैशांच्या आणि खात्यांच्या बाबतीत मात्र जास्त सावध राहा. एखाद्या कंपनीला उघड तक्रार केली की तिचं नाव आणि चित्र लावलेली खोटी खाती मदतीच्या बहाण्याने निरोप पाठवतात. ओटीपी, कार्डाचा तपशील, ऑर्डरची खासगी माहिती तिथे कधीच देऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच संपर्क करा. औषधोपचार, कर, कायदा यांत लोकांचे अनुभव ऐकावेत, निर्णय मात्र त्या विषयाच्या जाणकाराला विचारून घ्यावा.

आणि चांगलं उत्तर आपल्या वहीत उतरवून ठेवा. याहू आन्सर्स ही प्रश्नोत्तरांची साइट ४ मे २०२१ रोजी बंद झाली. लिंक्डइनने आपला प्रश्नोत्तरांचा विभाग २०१३ मध्ये बंद केला, गुगल प्लस या गुगलच्या सोशल नेटवर्कवरची सर्वसामान्यांची खाती २०१९ मध्ये गेली. लोकांनी मनापासून लिहिलेलं किती ज्ञान त्यांच्याबरोबर दृष्टीआड झालं याचं मला आजही वाईट वाटतं. मी एका साध्या तक्त्यात प्रश्न, जागा, तारीख, उत्तराचा सारांश आणि स्वतः करून पाहिल्यावर काय झालं एवढं लिहून ठेवते.

परत जाऊन सांगा

बहुतेक जण हे करत नाहीत, आणि मार्केटिंग नेमकं इथून सुरू होतं.

उत्तर वापरून पाहिलंत की त्याच चर्चेत परत जा. काय केलं, काय झालं, फोटोसकट लिहा. ज्याच्या सल्ल्याने काम झालं त्याला नाव घेऊन धन्यवाद द्या. ज्याचा सल्ला चालला नाही त्याचंही काय झालं ते सौम्य शब्दांत सांगा, म्हणजे पुढच्याचा कागद वाचेल. ‘पाठीला समांतर तंतू ठेवून केलेली वही ही अशी उघडते’ या फोटोत तुमची वस्तू आपोआप दिसते, आणि ती पाहणारे सगळे त्याच अडचणीने तिथे आलेले असतात. किंमत लिहू नका, लिंक टाकू नका. ज्याला हवी आहे तो विचारतो. मग ग्रुपच्या नियमांत बसत असेल तर तिथेच, नाहीतर खासगी निरोपात उत्तर द्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: बघणारे खूप आणि बोलणारे थोडे असतात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये याचा ढोबळ अंदाज मांडला होता. ऑनलाइन समूहात साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का लोक बहुतेक सगळं लिहितात. म्हणून तीनच प्रतिक्रिया आल्या तरी नाराज होऊ नका. पण याच कारणासाठी बोलणाऱ्यांच्या मतांना सगळ्या गिऱ्हाइकांचं मतही समजू नका.

लोकांचेच शब्द वापरा

चर्चा वाचताना लोक अडचण कोणत्या शब्दांत सांगतात ते जसंच्या तसं टिपून ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणीच ‘उच्च दर्जाचा लेखनानुभव’ मागत नाही. ते म्हणतात, ‘शाई फुटत नाही ना?’, ‘डावखुऱ्याला मधली घडी आड येते’, ‘सुंदर वहीत पहिलं पान लिहायची भीती वाटते’. यातलं शेवटचं वाक्य मला अनेकांकडून ऐकायला मिळालं. तेव्हापासून मी प्रत्येक वहीचं पहिलं पान पातळ, खरडण्यासाठी, अलगद काढून टाकता येईल असं शिवते आणि वर्णनात तेच लिहिते. ते वर्णन मला एकटीला बसून सुचलं नसतं.

मतदान घ्यायचं तर भविष्याबद्दल विचारू नका. ‘अशी वही विकत घ्याल का?’ याला सगळे भिडेखातर हो म्हणतात. ‘शेवटची वही पूर्ण भरली की अर्धवट सोडली? सोडली असेल तर कशामुळे?’ हे विचारा. एक्सवर आणि लिंक्डइनवर मतदानाला जास्तीत जास्त चार पर्याय देता येतात. तीन भरा आणि चौथा ‘वेगळं कारण, खाली लिहिते’ असा ठेवा. खरा माल त्या चौथ्या पर्यायाखाली सापडतो.

‘आवडलं तर लाइक करा, तीन मित्रांना टॅग करा’ असलं काही लिहू नका. अशा पोस्ट मागे ढकलणार असल्याचं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, आणि पुढच्या महिन्यात पानांच्या मजकुरापेक्षा ओळखीच्या माणसांमधल्या संवादाला झुकतं माप द्यायचं ठरवलं. म्हणून तुमच्या पानावरच्या दहा जाहिरातवजा पोस्टपेक्षा दुसऱ्याच्या प्रश्नाला दिलेलं एक सविस्तर उत्तर जास्त लांब पोचतं.

ते उत्तर देताना दोन पथ्यं पाळा. पहिलं, लिंक काढून टाकली तरी उत्तर पूर्ण वाटलं पाहिजे. दुसरं, त्या वस्तूत तुमचा स्वार्थ असेल तर पहिल्याच ओळीत सांगा: ‘मी स्वतः वह्या विकते, ते ध्यानात ठेवून वाचा.’ हे सांगितल्याने विश्वास कमी होईल अशी भीती लोकांना वाटते. माझ्या बाबतीत नेहमी उलट झालंय. रेडिटवर बरीच वर्षं एक ढोबळ संकेत होता, की तुम्ही टाकता त्यातलं दहातलं एकच स्वतःच्या मालाबद्दल असावं. नियम कुठलाही असो, मी हे प्रमाण सगळीकडे पाळते. बनावट खात्यावरून स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देण्याचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस तुमचा हितचिंतक नाही.

मोजायचं काय

सुरुवातीलाच कागदावर लिहा: मला यातून काय हवंय? ऑर्डर, चौकशीचे निरोप, की नव्या कागदाबद्दल वीस जणांचं मत? हे ठरवलं नाही तर लाइक मोजत बसाल.

लिंक द्याल तिथे यूटीएम जोडा. पत्त्याच्या शेपटीला स्रोत, माध्यम आणि मोहीम अशा तीन खुणा लागतात, त्यातून साइटवर येणारे लोक मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्सला कळतं की माणूस कुठल्या नेटवर्कवरून, कशामुळे आला. नावं नेहमी छोट्या इंग्रजी अक्षरांत लिहा. एकदा मोठं आणि एकदा छोटं अक्षर वापरलंत तर तेच नेटवर्क दोन वेगळ्या नावांनी मोजलं जातं आणि बेरीज चुकते. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेला पत्ता टिचकी मारून उघडत नाही, म्हणून तिथे प्रोफाइलमधली किंवा स्टोरीतली लिंक वापरावी लागते. त्या दोन्हींना वेगळ्या खुणा द्या.

हे सगळं केलं तरी मोठा भाग दिसत नाही. कुणी तुमची पोस्ट आवडून ती व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला पाठवते, आणि बहीण वही घेते. तुमच्या पत्त्यावर खूण नसेल तर हिशेबात ती ‘थेट आलेली’ म्हणून दिसते. २०१२ पासून या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ म्हणतात. यावर साधा इलाज आहे. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ अशी मोकळी चौकट ठेवा. यादीतून निवडायला लावू नका, लिहू द्या. ‘मैत्रिणीने पेनवाल्यांच्या ग्रुपमधला उघड्या वहीचा फोटो पाठवला’ असं उत्तर येतं तेव्हा त्या एका ओळीतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही आलेखातून कळत नाही.

समजा, एका नेटवर्कवरून ४०० जण आले आणि २ ऑर्डर झाल्या. दुसऱ्यावरून ३० आले आणि ३ झाल्या. पुढच्या महिन्याचा वेळ दुसऱ्याला द्या. पण त्याआधी पहिल्याकडून उत्तरं किती मिळाली तेही बघा. ज्या जागेने मला कागद ओळखायला शिकवलं तिथून एकही वही खपली नाही तरी मी ती सोडत नाही. जिथून उत्तरं येत नाहीत आणि गिऱ्हाईकही येत नाही, तिथलं खातं नाव राखण्यापुरतं ठेवावं आणि तिथे लिहिणं थांबवावं.

पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर ती सगळ्यात शेवटी करा, आणि ज्या पोस्टवर न मागता प्रश्न आले, जी लोकांनी जपून ठेवली, तिच्यावरच खर्च करा. पहिल्यांदा रक्कम अगदी लहान ठेवा. त्या पैशातून आलेल्या लोकांनी काय विचारलं हे त्याच तक्त्यात उतरवा. तेच प्रश्न पुन्हा येत असतील तर वस्तूच्या वर्णनात त्यांचं उत्तर नाही असं समजा. आधी वर्णन बदला, मग पुढची रक्कम भरा.